सिनॉप्सिस लिहिण्याआधी: पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांसाठी अभ्यासाची रचना आणि संख्याशास्त्र

दरवर्षी थीसिस जमा करायची तारीख महिन्याभरावर आली की पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाच्या दारात शेवटच्या वर्षाचे निवासी डॉक्टर दिसू लागतात. हातात पेनड्राइव्ह, त्यात एक एक्सेलची फाइल आणि एकच विनंती: "सर, एवढी पी व्हॅल्यू काढून द्या." पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता. फाइल उघडली की बहुतेक वेळा कळतं, ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय ते या आकड्यांत नाहीच. दीड वर्ष रात्रपाळ्या सांभाळून गोळा केलेली माहिती असते ती. ती वाया गेलेली पाहणं मला जड जातं, कारण मीही कधीकाळी त्या दारात उभा होतो.

माझी चूक साधी होती. प्रोफॉर्मावर (रुग्णाची माहिती भरायच्या फॉर्मवर) मी रुग्णांचं वय '३१ ते ४०', '४१ ते ५०' अशा चौकटींत टिक करून घेतलं होतं. पुढं वयाचा परिणाम वेगळा काढायची वेळ आली तेव्हा नेमकं वय कुठंच नोंदलेलं नव्हतं, आणि निम्मे केस पेपर रेकॉर्ड रूममध्ये सापडले नाहीत. रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये कोलकात्याच्या पहिल्या संख्याशास्त्र परिषदेत हेच सांगितलं होतं: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावलं, तर तो शवविच्छेदनापलीकडे फारसं काही करू शकत नाही.

म्हणून या लेखाचा मोठा भाग पहिला रुग्ण घेण्याआधीच्या दिवसांबद्दल आहे. उदाहरण एकच धरू, म्हणजे धागा सुटणार नाही. समजा, तुम्ही भूलशास्त्रात एमडी करताय. इंग्वायनल (जांघेतल्या) हर्नियाच्या ओपन शस्त्रक्रियेनंतर टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) दिला तर जखमेत लोकल भूल टोचण्यापेक्षा दुखणं कमी राहतं का, हे तुम्हाला पाहायचंय.

हाताशी काय हवं

- तुमच्या विद्यापीठाचा सिनॉप्सिसचा (थीसिसच्या आधी द्यायच्या आराखड्याचा) ठरलेला नमुना. कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असेल तर त्यांचा.
- त्याच विषयावरचे तीन-चार शोधनिबंध, पूर्ण स्वरूपात. नुसत्या ॲबस्ट्रॅक्टवर भागत नाही. स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) बहुधा आतल्या तक्त्यात असतं.
- विभागाचं मागच्या वर्षाचं रजिस्टर.
- आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स. तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बंधनकारक आहेच. सिनॉप्सिसच्या आधी केलात तर उपयोग होईल.
- सॅम्पल साइजसाठी ओपनएपी किंवा जी-पॉवर, विश्लेषणासाठी जामोवी किंवा आर. चारही फुकट मिळतात. पायरेटेड एसपीएसएसच्या मागे लागू नका.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

कोणते रुग्ण, त्यांना काय द्यायचं, कशाशी तुलना करायची, काय मोजायचं आणि कधी. या पाच गोष्टी एका वाक्यात बसल्या नाहीत तर पुढं जाऊ नका. "टॅप ब्लॉकचा अभ्यास" हा विषय झाला. प्रश्न असा असतो: "१८ ते ६५ वयाच्या, ओपन हर्निया दुरुस्ती झालेल्या रुग्णांत, टॅप ब्लॉक दिल्यास जखमेत लोकल भूल दिलेल्यांच्या तुलनेत सहा तासांनी व्हीएएसवरचं (० ते १० च्या दुखण्याच्या पट्टीवरचं) दुखणं किती कमी असतं?"

शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. दुखणं तुम्ही दोन, चार, सहा, बारा आणि चोवीस तासांनी नोंदवाल, पण मुख्य मोजमाप एकच. ते आत्ता ठरवा आणि सिनॉप्सिसमध्ये लिहून टाका. बाकीची दुय्यम. हे आधी ठरवलं नाही तर शेवटी ज्या वेळेचा पी चांगला आला तीच वेळ 'मुख्य' ठरवायचा मोह होतो. असा मोह भल्याभल्यांना झाला आहे.

२. रचना निवडा, आणि तिला खरं नाव द्या

सर्वांत जास्त गोंधळ इथं होतो. सिनॉप्सिसवर "प्रॉस्पेक्टिव्ह ऑब्झर्व्हेशनल केस-कंट्रोल स्टडी" असं बेधडक लिहिलेलं मी दर बॅचमध्ये पाहतो. दोन गट आहेत म्हणून कोणी केस-कंट्रोल म्हणतं, रुग्ण पुढं येणार आहेत म्हणून कोणी प्रॉस्पेक्टिव्ह. नाव ठरवायला दोन प्रश्न पुरतात. उपचार कोणाला कोणता मिळेल हे तुम्ही ठरवताय का? आणि सुरुवात कुठून होतेय, कारणापासून की आजारापासून?

उपचार तुम्ही ठरवत असाल तर ती ट्रायल. मग चिठ्ठी टाकून ठरवा किंवा नका टाकू, नियम ट्रायलचेच लागू होतात. आपलं हर्नियाचं उदाहरण या गटात येतं. "दोन्ही उपचार आमच्या विभागात रोजच देतात, म्हणून हे ऑब्झर्व्हेशनल" असं काही जण म्हणतात. कोणाला कोणता द्यायचा हे अभ्यासासाठी ठरत असेल, तर ती पळवाट चालत नाही.

आजार झालेले आणि न झालेले लोक घेऊन मागं वळून कारण विचारलं, तर ते केस-कंट्रोल. याचा नामांकित नमुना म्हणजे डॉल आणि हिल यांचा १९५० मधला अभ्यास. इंग्लंडच्या इस्पितळांतले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि इतर आजारांचे ७०९ रुग्ण. त्यातल्या पुरुषांपुरतं पाहा. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २ होते, तुलनेच्या ६४९ पुरुषांत २७. ऑड्स रेशो, म्हणजे दोन्ही गटांतल्या 'धूम्रपान करणारे भागिले न करणारे' यांचं गुणोत्तर, काढा: ६४७ गुणिले २७, भागिले २ गुणिले ६२२. उत्तर १४ च्या आसपास येतं. या तक्त्यावरून "धूम्रपान करणाऱ्यांपैकी इतक्या टक्क्यांना कर्करोग होतो" असं मात्र काढता येत नाही, कारण कर्करोगाचे आणि तुलनेचे रुग्ण किती घ्यायचे हे संशोधकांनीच ठरवलं होतं. आपल्याकडं ईएनटीचे विद्यार्थी तंबाखू, मिश्री आणि तोंडाच्या कर्करोगावर अशी रचना घेतात आणि निकालात नेमकी हीच टक्केवारी लिहून बसतात. परीक्षकानं विचारलं की गप्प.

कारणापासून सुरुवात करून पुढं पाहत गेलात तर कोहोर्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. स्त्रियांची नोंद गरोदरपणाच्याही आधीपासून, आणि मग त्यांची मुलं मोठी होईपर्यंत पाठपुरावा. कोहोर्टची खरी ताकद इतक्या वर्षांनी दिसते. तुमच्याकडं माहिती गोळा करायला जेमतेम दीड वर्ष आहे, त्यामुळं तीन-सहा महिन्यांत निकाल दिसेल असाच विषय घ्या.

कारण आणि आजार एकाच वेळी मोजले तर क्रॉस-सेक्शनल. नवी तपासणी जुन्या खात्रीच्या तपासणीशी ताडून पाहिली तर निदान-चाचणीचा अभ्यास. रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजीच्या मित्रांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: सेन्सिटिव्हिटी ९० टक्के (आजारी असलेल्या १०० पैकी ९० पॉझिटिव्ह) आणि स्पेसिफिसिटी ९० टक्के (आजार नसलेल्या १०० पैकी ९० निगेटिव्ह) असलेली चाचणी तुमच्या वॉर्डात, जिथं निम्म्या संशयितांना आजार आहे, तिथं पॉझिटिव्ह आली तर १०० पैकी ९० वेळा खरी निघते. हीच चाचणी २ टक्के आजार असलेल्या गावात नेलीत तर १००० लोकांत १८ खरे आणि ९८ खोटे पॉझिटिव्ह येतात. म्हणजे १०० पॉझिटिव्हमागे खरे १५-१६. चाचणी बदललेली नसते, समोरची माणसं बदललेली असतात. "ही तपासणी स्क्रीनिंगसाठी उपयुक्त" असं वाक्य लिहिण्याआधी हा हिशेब करून पाहा.

मोठ्या ट्रायलचं एक आपल्या मातीतलं उदाहरण सांगतो, कारण त्यात एक सापळा कळतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या मदतीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची स्क्रीनिंग ट्रायल झाली. निकाल २००९ मध्ये आले. १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. पण चिठ्ठी एकेका बाईसाठी टाकली नव्हती. गावांचे ५२ समूह केले आणि कोणत्या समूहाला कोणती तपासणी हे चिठ्ठीनं ठरवलं. एकाच आळीतल्या दोघींपैकी एकीला तपासणी आणि दुसरीला नाही, असं गावात चालत नाही. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणीच्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले, तपासणी न दिलेल्या गटात ६४. हॅझर्ड रेशो ०.५२, म्हणजे मृत्यूचा वेग जवळपास निम्मा. सापळा असा, की समूहानं चिठ्ठी टाकली तर समूह हेच तुमचं एकक होतं. "वॉर्ड पाचमधल्यांना नवा उपचार, वॉर्ड सहामधल्यांना जुना" असं ठरवून साठ-साठ रुग्ण घेतलेत, तरी संख्याशास्त्राच्या नजरेत तुमच्याकडं दोन वॉर्ड आहेत, एकशेवीस रुग्ण नाहीत. वॉर्डाच्या सिस्टर, राउंडची वेळ, डॉक्टर, सगळंच वेगळं असतं.

३. सॅम्पल साइज: उलटा हिशेब करू नका

एक प्रथा मला मनापासून खटकते. आधी ठरतं, "साठ रुग्ण होतील", आणि मग साठ येईपर्यंत सूत्रात आकडे बदलून पाहिले जातात. एथिक्स कमिटीतल्या जाणत्या माणसाला ते एका नजरेत कळतं. आणि पुरेसे रुग्ण नसलेला अभ्यास करणं म्हणजे त्या साठ जणांना विनाकारण सुया टोचणं.

सरळ मार्ग असा. दोन गटांच्या सरासरीची तुलना असेल तर दोन आकडे लागतात: मोजमापाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, जे आधीच्या शोधनिबंधातून घ्यायचं, आणि रुग्णाच्या दृष्टीनं अर्थ असलेला कमीत कमी फरक, जो तुम्ही आणि गाइडनं बसून ठरवायचा. समजा, व्हीएएसचं स्टँडर्ड डेव्हिएशन २ आहे आणि १.५ पेक्षा कमी फरक रुग्णाला जाणवणार नाही असं तुमचं मत झालं. पाच टक्के अल्फा (नसलेला फरक आहे असं ठरवण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली की:

प्रत्येक गटात रुग्ण = २ × (१.९६ + ०.८४)² × (२)² ÷ (१.५)² = २७.९, म्हणजे २८.

सॉफ्टवेअर २९ दाखवेल. ते टी-वितरण वापरतं. घाबरू नका, पण कोणता आकडा कशानं आला हे लिहा. आता दहा टक्के रुग्ण मध्येच सुटतील असं धरलं, तर २८ ला १.१ नं गुणू नका. २८ ला ०.९ नं भागा: ३१.१, म्हणजे ३२. दोन्ही गट मिळून ६४.

फरक निम्मा धरला, १.५ ऐवजी ०.७५, तर प्रत्येक गटात ११२ लागतात. फरक निम्मा, रुग्ण चौपट. म्हणून फरक ठरवण्यावर वेळ घालवा.

आता रजिस्टर उघडा. महिन्याला हर्नियाच्या सहा शस्त्रक्रिया होत असतील आणि त्यातले चार रुग्ण निकषांत बसून संमती देतील, तर ६४ साठी सोळा महिने जातील. दीड वर्षात बसतं, पण काठावर. हा हिशेब सिनॉप्सिसमध्ये दोन ओळींत लिहा.

प्रमाण शोधायचं असेल तर आपण सगळे पीएसएममध्ये शिकलेलं सूत्र वापरा: ४ × पी × क्यू ÷ एल². इथं पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी (पी व्हॅल्यू नव्हे), क्यू म्हणजे १०० वजा पी आणि एल म्हणजे चालणारी चूक. सापळा एलमध्ये आहे. पी २० टक्के असेल आणि चूक ५ टक्के धरायची असेल, तर ती थेट ५ टक्के गुण आहे की पीच्या ५ टक्के? थेट ५ धरली तर २५६ येतात. ४ च्या जागी १.९६ चा वर्ग घेतला तर २४६. पीच्या २० टक्के, म्हणजे ४ गुण धरले, तर या सूत्रानं ४००. काय धरलं ते शब्दांत लिहा.

निदान-चाचणीत आधी आजार असलेले किती लागतात ते काढायचं. सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, दोन्हीकडं ७ टक्के चूक: आजारी ७१. संशयितांपैकी चौथ्या हिश्श्यालाच आजार निघत असेल तर ७१ भागिले ०.२५, म्हणजे २८४ संशयित घ्यावे लागतील. बरेच जण ७१ वरच थांबतात.

४. चिठ्ठी कशी टाकायची

ओपीडी क्रमांक सम-विषम, सोमवार-मंगळवार, एकाआड एक रुग्ण: यातलं काहीही रँडमायझेशन नाही. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे तुम्हाला आधी कळतं, आणि मग "हे आजोबा जरा नाजूक आहेत, उद्या घेऊ" असं नकळत होतं. नियत कितीही चांगली असली तरी होतं.

१९४८ मध्ये निकाल आलेली ब्रिटनची स्ट्रेप्टोमायसिन ट्रायल यासाठीच आठवावी. क्षयाचे १०७ रुग्ण. कोणाला औषध आणि कोणाला फक्त बेडरेस्ट हे बंद लखोट्यांत होतं, आणि रुग्ण ट्रायलमध्ये घेतल्यावरच लखोटा उघडायचा. एक्स-रे वाचणाऱ्यांना गट माहीत नव्हता. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ५५ पैकी ४ गेले, दुसऱ्या गटात ५२ पैकी १४. लखोट्याची युक्ती अजूनही तितकीच कामाची आहे:

- यादी संगणकावर, चार आणि सहाच्या मिश्र ब्लॉकमध्ये काढा (ब्लॉक म्हणजे इथं सलग रुग्णांची तुकडी, जिच्यात दोन्ही गट सारखेच येतात). ब्लॉक कायम चारचाच ठेवला तर शेवटचा अंदाज बांधता येतो.
- यादी तुम्ही काढू नका. अभ्यासात नसलेल्या कोणाकडून काढून घ्या.
- लखोटे अपारदर्शक, अनुक्रमांक घातलेले आणि चिकटवलेले हवेत. आमच्या बॅचमध्ये एकाचे लखोटे ट्यूबलाइटसमोर धरले की आतलं अक्षर दिसत होतं. आत कार्बन पेपर किंवा फॉइल घाला.
- लखोटा उघडण्याआधी त्यावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि वेळ लिहा.

लखोटा म्हणजे ब्लाइंडिंग नव्हे. लखोटा गट ठरेपर्यंत झाकतो, ब्लाइंडिंग त्यानंतर. टॅप ब्लॉक देणाऱ्याला गट कळणारच. पण सहा तासांनी व्हीएएस विचारणारा इंटर्न वेगळा ठेवला आणि त्याला गट सांगितला नाही, तर मोजमाप निःपक्ष राहतं. एवढं प्रत्येक कॉलेजात जमतं.

५. एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय: क्रम चुकवू नका

क्रम असा: एथिक्स कमिटीची मंजुरी, मग सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतली) नोंदणी, मग पहिला रुग्ण. सीटीआरआय २००७ पासून आहे, नोंदणी फुकट आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदलेली ट्रायलच तिथं स्वीकारली जाते. रुग्ण घ्यायला सुरुवात केल्यावर गेलात तर दार बंद. अर्ज भरला की लगेच क्रमांक येत नाही. शंका विचारल्या जातात, उत्तरं द्यावी लागतात. काही आठवडे हातात ठेवा.

कमिटीसाठी साधारण ही कागदपत्रं लागतात. तुमच्या कॉलेजची यादी कार्यालयातून घ्या:

- गाइड आणि विभागप्रमुखांच्या सहीचा सिनॉप्सिस
- रुग्ण-माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत
- प्रोफॉर्मा
- तुमचा आणि गाइडचा बायोडेटा
- दुसऱ्या विभागाचे रुग्ण घेत असाल तर त्यांचं परवानगीपत्र. आपल्या उदाहरणात सर्जरी विभागाचं.
- जादा तपासण्यांचा खर्च कोण करणार याचं लेखी निवेदन. तो रुग्णाच्या माथी मारता येत नाही.
- फक्त जुने केस पेपर पाहणार असाल तर संमतीतून सूट मागणारं पत्र. कमिटीची मंजुरी तरीही लागतेच.

मराठी संमतीपत्र इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावून केलेलं असतं, आणि "यादृच्छिकीकरण" वाचून रुग्ण तुमच्या तोंडाकडं पाहतो. असं लिहा: "तुम्हाला दोनपैकी कोणत्या पद्धतीनं भूल मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत. चिठ्ठी टाकल्यासारखं ते ठरेल. नाही म्हणालात तरी तुमचं ऑपरेशन आणि उपचार नेहमीसारखेच होतील." लिहून झालं की वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा. त्यांना कळलं तर बरोबर आहे. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. मेळघाटातून किंवा नंदुरबारकडून आलेल्या रुग्णाला मराठीही परकी असू शकते. त्याची भाषा बोलणारं माणूस शोधा. मुलांच्या अभ्यासात पालकांच्या संमतीबरोबर ७ ते ११ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ मध्ये लेखी मान्यता घ्यायची असते.

६. प्रोफॉर्मा आणि मास्टर चार्ट

विश्लेषणाचे रिकामे तक्ते आधी काढा. तक्ता एक: दोन्ही गटांतलं वय, लिंग, वजन. तक्ता दोन: सहा तासांचा व्हीएएस. प्रोफॉर्मात तेवढेच रकाने ठेवा जे कुठल्यातरी तक्त्यात जाणार आहेत. चार पानी प्रोफॉर्मा रात्री दोन वाजता कोणीच नीट भरत नाही.

मास्टर चार्ट म्हणजे सगळ्या रुग्णांची एक्सेल फाइल. तिच्यात एका रुग्णाला एक ओळ, एका माहितीला एक रकाना. रक्तदाब १३०/८० असा एका चौकटीत लिहू नका, दोन रकाने करा. नेमकं वय लिहा, गट नंतर पाडता येतात. चौकटीत "मिग्रॅ" वा "दिवस" लिहू नका. पिवळा रंग म्हणजे मधुमेही, हिरवा म्हणजे नाही, असं रंगांत काही साठवू नका. सॉफ्टवेअरला रंग दिसत नाही. नोंद नसेल तर चौकट रिकामी ठेवा, शून्य लिहू नका. शून्य व्हीएएस म्हणजे दुखतच नाही! नाव आणि मोबाइल क्रमांक या फाइलमध्ये नकोत. त्यांची वेगळी वही कुलपात.

सर्वांत घातक अपघात: एकच रकाना निवडून सॉर्ट करणं. एका क्लिकमध्ये प्रत्येकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जातं, आणि ते दिसतही नाही. दर आठवड्याला तारीख घालून प्रत ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका. दर दहा प्रोफॉर्मांमागे एक काढून चार्टशी ताडून पाहा.

७. टेस्ट कोणती

तीन प्रश्न विचारा. मोजलेलं काय आहे, आकडा की हो-नाही? गट वेगवेगळ्या माणसांचे आहेत की त्याच माणसांचं आधी-नंतर? गट किती?

आकडा आणि दोन वेगळे गट: टी-टेस्ट, वितरण फार कललेलं असेल तर मान-व्हिटनी. तीच माणसं आधी-नंतर: पेअर्ड टी किंवा विलकॉक्सन. तीन किंवा जास्त गट: अनोव्हा किंवा क्रुस्कल-वॉलिस. हो-नाही असेल तर काय-स्क्वेअर, आणि चौकटीतली अपेक्षित संख्या पाचाखाली गेली तर फिशर एक्झॅक्ट. अपेक्षित संख्या, दिसलेली नव्हे. तीच माणसं आणि हो-नाही: मॅकनेमर. एका रुग्णाचे दोन डोळे किंवा दोन गुडघे म्हणजे दोन रुग्ण नव्हेत.

वितरण कललेलं आहे का, हे डोळ्यांनीच बरंचसं कळतं. "भरतीचे दिवस ६ ± ५" असं दिसलं की समजा, थोडे जण फार दिवस राहिलेत. तिथं मध्यक आणि क्वार्टाइल द्या.

दोन यंत्रांची वाचनं जुळतात का पाहायला कोरिलेशन वापरू नका. नवं यंत्र प्रत्येक वेळी दहा जास्त दाखवत असेल तरी कोरिलेशन पूर्ण १ येईल. त्यासाठी ब्लँड-ऑल्टमनचा आलेख आहे.

आणि एक चूक, जी मी छापील थीसिसमध्येही पाहिली आहे: "गट अ मध्ये आधी-नंतर पी ०.०३, गट ब मध्ये ०.०८, म्हणून अ चांगला." दोन गटांची तुलना इथं झालेलीच नाही. ०.०३ आणि ०.०८ मधला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. गट अ चा बदल थेट गट ब च्या बदलाशी ताडा.

वीस वेगवेगळ्या तुलना केल्यात आणि खरा फरक कुठंच नसेल, तरी निदान एक पी ०.०५ खाली येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. पहिल्या पायरीत मुख्य मोजमाप एकच ठेवा म्हणालो, ते यासाठी.

८. निकाल लिहिताना

समजा, शेवटी दोन्ही गटांत तीस-तीस रुग्ण राहिले. टॅप ब्लॉकच्या गटात दुखणं सरासरी ०.८ नं कमी. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा फरक ज्या टप्प्यात असू शकतो तो) उणे ०.२ ते १.८, पी ०.१३. बहुतेक जण लिहितील, "दोन्ही पद्धतींत फरक नाही." हे चूक आहे. इंटर्व्हल वाचा: खरा फरक शून्यही असू शकतो आणि १.८ सुद्धा. तुम्हीच अर्थपूर्ण ठरवलेला १.५ त्याच्या आत बसतोय. म्हणजे या अभ्यासानं ठाम उत्तर दिलेलं नाही, आणि तसंच लिहायचं. पी ०.०५ वर गेला म्हणून थीसिस नापास होत नाही. मी तरी झालेली पाहिली नाही.

"एकाही रुग्णाला दुष्परिणाम झाला नाही" असं लिहिताना तीनचा नियम लावा: तीस जणांत शून्य, तर खरं प्रमाण ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. वाक्य आपोआप सौम्य होईल.

सॉफ्टवेअरनं पी ०.००० दाखवला तर "०.००१ पेक्षा कमी" लिहा. चिठ्ठीनं पाडलेल्या गटांच्या वय-वजनाच्या तक्त्यात पी देऊ नका. तिथला फरक योगायोगाचाच असतो. टॅप ब्लॉक नीट बसला नाही म्हणून रुग्णाला दुसऱ्या गटात हलवू नका, ज्या गटाची चिठ्ठी निघाली त्याच गटात मोजा. किती तपासले, किती घेतले, किती सुटले आणि का, याचा कन्सॉर्टचा आराखडा ट्रायलमध्ये जोडा. ऑब्झर्व्हेशनल अभ्यासाला स्ट्रोबची आणि निदान-चाचणीला स्टार्डची यादी (अहवालात काय काय लिहायचं याची) लावा. या याद्या सिनॉप्सिसच्या वेळीच छापून भिंतीवर लावल्यात तर अर्धे प्रश्न तिथंच सुटतात.

थीसिस अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करायची असते. त्यातून बाइंडिंग, गाइडच्या दुरुस्त्या आणि सह्या यांचे दोन महिने वजा करा. उरलेली तारीख म्हणजे शेवटचा रुग्ण घेण्याची तारीख. ती आजच प्रोफॉर्माच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जमा केल्यावर वापरलेले आणि न वापरलेले लखोटे, सही केलेली संमतीपत्रं, भरलेले प्रोफॉर्मा आणि गोठवलेली एक्सेल फाइल एका खोक्यात घालून विभागाच्या कपाटात ठेवा, आणि खोक्यावर सीटीआरआय क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा.